तळ्याकाठी तू जे बोललास

मालमड्डी, धारवाड
१९ जानेवारी २०२५

श्रीहरीअण्णा,

नमस्कार. 'तीर्थस्वरूप' लिहायला पेन टेकवलं, पण हात वळला नाही. घरी सगळे बरे आहेत. आईचा गुडघा थंडीनं धरलाय, तरी संक्रांतीचं तिळा-गुळाचं एळ्ळू-बेल्ल तिनं घरोघर स्वतः नेऊन दिलं. फोनवर तू 'रेंज नाही' म्हणून सुटतोस, म्हणून हे पत्र.

गेल्या रविवारी तू इथं येऊन गेलास, हे आईला अजून माहीत नाही. बेंगळुरूहून गाड्या भरून माणसं आणलीस आणि स्वतःच्या घरी डोकावलाही नाहीस, हे तिला कुणी सांगायचं?

कलघटगीच्या वाटेवरचं ते तळं तुला अप्पांनी दाखवलं. हिमालयापलीकडून आलेले दलदली ससाणे दिवसभर शेतांवरून फिरतात आणि संध्याकाळी काठच्या गवतात, जमिनीवरच झोपायला उतरतात. अप्पा आपल्याला बांधावरच बसवायचे, बोलूही द्यायचे नाहीत. "त्यांचं अंथरूण आहे ते, पाय द्यायचा नाही," म्हणायचे. त्या जागेची तू जाहिरात केलीस. 'ससाण्यांचं उड्डाण, अगदी जवळून!'

किती जवळून, ते अप्पांनी आणि मी बांधावरून पाहिलं. तुझ्या जीपगाड्या सरळ गवतात शिरल्या. उतरलेले पक्षी पुन्हा उडावेत म्हणून हॉर्न वाजवलेत. ते उठले, घिरट्या घालून टेकले, तुम्ही परत उठवलेत. का, तर मावळत्या सूर्यासमोर फोटो चांगला येतो! अंधारून आलं तशी बिचारी पाखरं पाण्यावरून निघून गेली. त्या काठावर अजून परतलेली नाहीत. लाज वाटली नाही तुला?

एवढंच असतं तर तुला चार शिव्या घालून मी गप्प बसले असते.

अप्पा धावत जाऊन तुझ्या जीपसमोर हात पसरून उभे राहिले. मीही मागोमाग पोचले. तुझ्या शेजारच्या माणसानं विचारलं, हे कोण? आणि तू इंग्रजीत म्हणालास, "इथलाच कुणी म्हातारा आहे. डोक्यानं जरा सैल." अण्णा, तुला इंग्रजी शिकवलं कुणी रे? पहाटे उठवून व्याकरण घोकून घेतलं कुणी?

अप्पांचे हात खाली आले. ते बाजूला झाले. जीपला भिऊन नव्हे.

मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून परत आणलं. घरी आईला म्हणाले, "आज पक्षी कमी होते."

शुक्रवारी मात्र सकाळीच कोट चढवून म्हणाले, "दीपा, वनखात्यात जाऊ." तिथल्या साहेबांनी तक्रार ऐकून घेतली आणि विचारलं, "आचार्यरे, आ गाडीयवर गुर्तु ऐतेनरी?" ओळख आहे का त्या गाडीवाल्याची? मला वाटलं, अप्पा नाही म्हणतील. मी तर तेच म्हटलं असतं.

"नन्न मगारी," अप्पा म्हणाले. माझा मुलगा.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग... लिहू का?"

"लिहा. माझा मुलगा आहे म्हणूनच लिहा." आणि तुझं पूर्ण नाव, बेंगळुरूचा पत्ता, सगळं त्यांनी स्वतः सांगितलं. आवाज जराही हलला नाही. बाहेर आल्यावर मात्र पायरीवर बसून राहिले. मी पाणी आणून दिलं, ते हातातच राहिलं.

तुला नोटीस येईल. 'मिटवून टाक' म्हणून मला फोन करू नकोस. मी वकील आहे, पण तुझी नव्हे. भांडायचं असेल तर खुशाल भांड. पण त्याआधी एकदा घरी ये, अप्पांसमोर उभा राहा आणि ते तुझे कोण लागतात ते सांग. कानडीत सांग, मराठीत सांग, नाहीतर त्यांनी शिकवलेल्या इंग्रजीत सांग.

आईला मी आज सगळं सांगणार आहे.

कुणीही विचारलं तरी तुझी बहीण म्हणूनच ओळख सांगणारी,
दीपश्री