चुळीपुढचे पांढरे दगड

३ मार्च

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. अंगणात उन्हात बसून वाचलं. नर्सिंगच्या वसतिगृहातलं जेवण बेचव आहे हे वाचून बरं वाटलं. म्हणजे वाईटच वाटलं, पण निदान खरं लिहितेस. इथे सगळे सुखरूप. सगळे म्हणजे मी, तुझा नवरा आणि शेजारणीच्या कोंबड्या. त्या आता आपल्याच अंगणात राहायला आल्या आहेत. त्यांना दाणे कोण टाकतं याचा मी तपास करतो आहे.

माझं अक्षर मोठं झालंय आणि ओळी एकमेकींच्या अंगावर चढतात, असं तू लिहिलंस. पेन नवं आहे, तुझ्या नवऱ्याने आणलेलं. शिवाय घरातले दिवे त्याने बदलले. वीज कमी खातात म्हणे. उजेडही कमीच देतात.

यंदा पाहुण्यांची गर्दी बरी आहे. बेटावर बोटीतून उतरले की पर्यटनाचं ऑफिस त्यांच्या हातात रंगीत पत्रक देतं. धबधबा, वटवाघळांची गुहा, काळ्या वाळूचा किनारा, काचतळाच्या होडीतून दिसणारं प्रवाळ आणि सगळ्यात शेवटी आपली म्हातारीची चूळ. पूर्वी ती पहिली असायची. तिला शेवटी कोणी ढकललं हे मी ऑफिसात विचारलं, तर म्हणाले, छपाईवाल्याने. छपाईवाल्याला काय पडलंय? आणि अक्षरही आता इतकं बारीक छापतात! काहीतरी लपवायचं असल्याशिवाय कोणी बारीक छापत नाही.

मैत्रिणींना चूळ म्हणजे काय ते समजावता आलं नाही म्हणतेस. अगं, सोपं आहे. त्यांना सांग, समुद्राने कातळ आतून पोखरलाय आणि वर एक भोक आहे. लाट आत शिरली की म्हातारी गुळण्या करते तसा आवाज येतो आणि मग ती चूळ टाकते, माडाच्या उंचीची. पाणी वर उडतं तेव्हा लोक टाळ्या वाजवतात. धोका त्यानंतर असतो. खाली पडलेलं पाणी भोकाकडे परत जातं आणि वाटेत जो उभा असेल त्याला सोबत नेतं. म्हणून तर माझी नोकरी. रोज सकाळी कातळावर जायचं, रात्रीच्या भरतीची ओल कुठवर आली ते बघायचं, आणि ओलीपासून काठीभर मागे चुना लावलेले दगड ओळीने मांडायचे. रोज नवी ओळ, कारण समुद्र रोज वेगळा. माझ्या आधीच्या राखणदाराने एवढंच शिकवलं होतं आणि मी राखणदार झाल्यापासून चुळीने एकही माणूस नेलेला नाही. तू स्वतः त्या दगडांमागे बसून अभ्यास करायचीस.

आता मुद्द्याचं. कोणीतरी माझे दगड हलवतंय.

मी ओळ मांडून फाटकाशी चहा प्यायला जातो. परत येतो तर काठी दगडांना आधीच अडते. ओळ मागे सरकलेली असते. पाहुणे कुरकुर करतात की इतक्या लांबून भोक दिसत नाही, पैसे परत द्या. तक्रारी वाढल्या की ऑफिस म्हणणार, म्हातारा भित्रा झाला, नवा माणूस आणा. कोणाला तरी हेच हवं असणार. नाव घेत नाही. कुठेतरी पाणी मुरतंय एवढं खरं.

तब्येतीला जप. ताप मोजताना स्वतःचाही मोजत जा.

तुझे,
बाबा


२१ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. तुझ्या पत्रात अर्धं पान माझ्या डोळ्यांवर का? मी दगडांबद्दल लिहिलं होतं, डोळ्यांबद्दल नाही. "बाबा, एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या," हे वाक्य मी दुसऱ्या एका तोंडून याच आठवड्यात ऐकलं. शब्द न् शब्द तेच. तुम्ही दोघं माझ्यामागे पत्रं लिहिता काय?

आता नाव घेतोच, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. मला जावईबापूंचा संशय आहे.

रागावू नकोस, आधी ऐक. पाण्याखालचं प्रवाळ पांढरं पडलंय. त्याच्या काचतळाच्या होडीत पाहुणे बसतात, खाली बघतात आणि विचारतात, रंग कुठे गेले? पत्रकातलं चित्र दाखवून भांडतात. होडीचा धंदा बसला. आता असल्या माणसाला काय हवं असेल? जमिनीवरची, पगाराची, शिट्टी आणि टोपीवाली नोकरी. ती या बेटावर एकच आहे आणि ती माझ्याकडे आहे. त्याची होडी कुठे बांधलेली असते? चुळीच्या शेजारच्या खाचेत. मी चहाला गेलो की कातळावर कोण असतं? आणखी काय पुरावा हवा?

वागतो मात्र इतका गोड की मनात पाल चुकचुकते. माझी चप्पल दारात सरळ करून ठेवतो. उंबऱ्यावर त्याने परवा पांढरा रंग दिला. मी विचारलं, हे कशाला? म्हणाला, "छान दिसतं, बाबा." उंबरा काय मिरवणुकीला जाणार आहे? चहाच्या कपाचा कान माझ्या बोटांकडे वळवून ठेवतो. कारण नसताना कोणी इतकं करत नाही. तुझी आईसुद्धा करत नव्हती, आणि तिचा तर माझ्यावर जीव होता.

गेल्या आठवड्यात तो दोन दिवस होडी डागडुजीला घेऊन पलीकडच्या बंदरात गेला होता. त्या दोन्ही दिवशी दगड जागच्या जागी राहिले, एक बोटही हलले नाहीत. हाच माझा पुरावा. त्यातल्या दुसऱ्या दिवशी चूळ जरा अंगावर आली, दगडांमागे उभे असलेले लोक भिजले आणि एक चप्पल भोकात गेली. समुद्र हल्ली खोडसाळ झालाय. पण तो वेगळा विषय.

मी ऑफिसात साहेबांकडे तक्रार केली आहे, त्याचं नाव घालून. साहेब म्हणाले, सुरक्षेच्या दगडांना हात लावणं हा गुन्हा आहे, सिद्ध झालं तर होडीचा परवाना रद्द होईल. ते पुढच्या आठवड्यात स्वतः सकाळी येणार आहेत. मी त्याला काही बोललेलो नाही. चोर पकडायचा तर त्याला चोरी करू द्यावी लागते. तूही काही कळवू नकोस, तुला माझी शपथ आहे. नवरा तुझा असला तरी कातळ माझा आहे.

तुला वाईट वाटेल. मलाही वाटतं. तो आवडला होता मला, हे मी कधी बोललो नाही तुझ्याजवळ. म्हणून जास्त लागतं.

बाबा


९ एप्रिल

चि. भिंगरीस,

अक्षर तू ओळखलं असशील. ओळी सरळ आहेत. मी बोलतोय आणि तुझा नवरा लिहितोय. मी सांगतो तेच लिहितो की मनचं घालतो, हे मला कळायला मार्ग नाही, पण आता तेही चालवून घ्यायला शिकतो आहे. (तेच लिहितोय. – मी)

साहेब यायचे होते त्या सकाळी मी नेहमीसारखी ओळ मांडली, चहाला जातो असं मोठ्याने म्हणालो आणि केवड्याच्या झुडपामागे लपून बसलो. काटे टोचले ते सांगत नाही. थोड्या वेळाने हा होडीतून वर आला. मला पांढऱ्या शर्टाचा आकार तेवढा दिसत होता. तो खाली बसला. दगडांना हात लावायच्या आधी त्याने तळवा कातळावर टेकवला, मग जरा मागे, मग आणखी मागे, असा चाचपत राहिला. मग एक एक दगड उचलून मागे न्यायला लागला.

मी ओरडत बाहेर आलो. काय काय बोललो ते तो लिहायला तयार नाही, तूही विचारू नकोस. घरभेदी म्हणालो एवढं लक्षात आहे. आणि माझी ओळ जिथे होती तिथे जाऊन पाय रोवून उभा राहिलो. म्हणालो, "इथे कोरडं आहे! इथे पंचवीस वर्षं कोरडं आहे! दाखव मला ओल!"

तो म्हणाला, "बाबा, मागे या." मी गेलो नाही. तो पुन्हा म्हणाला, "बाबा, ती गुळण्या करतेय, मागे या ना!"

गुळण्या मलाही ऐकू येत होत्या. भिंगरे, आयुष्यभर ऐकल्यात. पण रागात माणूस बहिरा होतो.

चूळ वर गेली आणि माझ्यावर कोसळली. मी पडलो. पाणी परत निघालं तसा मीही निघालो, भोकाकडे, उताणा. काठी गेली, टोपी गेली. कॉलरला कसला तरी हिसका बसला तेव्हा वाटलं कपडे कुठेतरी अडकले. तो तुझ्या नवऱ्याचा हात होता. त्याच्या दुसऱ्या हाताची कातडी कातळावर घासून निघाली आहे, पण तो हे लिहीत नाहीये असं मला वाटतं. लिही रे. (लिहिलं.)

आम्ही दोघं मागे सरपटत येऊन बसलो, धापा टाकत. मी तळवा खाली टेकवला. जिथे मी रोज कोरडं बघत होतो, तिथे शेवाळ होतं. ओलं, बुळबुळीत, जुनं. माझे दगड त्या शेवाळावर उभे होते.

आता जे मागच्या पत्रात लिहिलं नाही ते लिहितो. त्या दिवशी भोकात गेलेली चप्पल लहान होती. बाहुलीचं चित्र असलेली. पोरगी पाचेक वर्षांची असेल. माझ्या दगडांमागेच उभी होती, शहाण्यासारखी, मी सांगितलं होतं तशी. तिच्या आईने फ्रॉक धरला म्हणून फक्त चप्पल गेली. आईने माझे आभार मानले, भिंगरे. दगड होते म्हणून वाचली म्हणाली. मी टोपीला हात लावून ते आभार घेतले आणि घरी येऊन तुला लिहिलं की समुद्र खोडसाळ झालाय.

मी याला विचारलं, "कधीपासून हलवतोयस?"

तो म्हणाला, "मी नंतर, बाबा. आधी ती हलवायची."

म्हणजे तू. वसतिगृहात जायच्या कितीतरी आधीपासून. मी चहाला गेलो की तू दगड मागे घ्यायचीस, आणि निघताना हे काम त्याच्यावर सोपवून गेलीस. बाबांना कळता कामा नये, त्यांना त्या कातळाशिवाय दुसरं काही नाही, असं सांगून. आणि मी चोराची बातमी चोरालाच कळवत होतो, वर शपथ घालून! काखेत कळसा म्हणतात तो हाच. सगळ्या गावाला वळसा घालून आलो, छपाईवाल्यापासून कोंबड्यांपर्यंत कोणाला सोडलं नाही. एका ठिकाणी तेवढा संशय घेतला नाही, माझ्या स्वतःच्या डोळ्यांवर. खरं सांगू? घेतला होता. म्हणून तर बाकी सगळ्यांवर घेत होतो.

तुझा मला राग आला. अजून आहे. तो घेऊन मी बसलेलो असताना साहेब आले. आम्ही दोघं चिंब, माझं डोकं उघडं. त्यांनी विचारलं, "दगड कोणी हलवले?" याने तोंड उघडलं होतं, "मी," म्हणायला. म्हणू दिलं असतं तर याचा परवाना गेला असता आणि माझी नोकरी राहिली असती. एवढं साधं होतं ते.

मी म्हणालो, "तक्रार खोटी आहे, साहेब. दगड मी चुकीचे मांडत होतो, हा बरोबर करत होता. मला ओल दिसत नाही."

हे वाक्य बोलायला मला किती दिवस लागले ते तुला माहीत आहे. शिट्टी मी गळ्यातून काढून त्यांच्या हातात दिली. नवा राखणदार कोण, ते ऑफिस ठरवेल. तोवर ओळ हा मांडतो आणि मी सोबत जातो. हा म्हणतो, उगाच येता. पण गुळण्यांचा आवाज त्याला अजून नीट ओळखता येत नाही, तो मी शिकवतो. डॉक्टरांना दाखवलं. एक डोळा शस्त्रक्रियेने सुधारेल, दुसऱ्याचा भरवसा नाही म्हणाले. सुधारला तरी कातळावर परत जाणार नाही. अर्ध्या भरवशावर दुसऱ्याची मुलं उभी करता येत नाहीत.

कोंबड्यांना दाणे हाच टाकतो. कबूल केलंय.

सुट्टी मिळाली की ये. राग समोरासमोर काढायचा आहे, तो याच्या हातून लिहून पाठवता येत नाही. हा मऊ करून लिहील. आल्यावर मला सगळं सांग, माझी नजर जातेय हे तुला पहिल्यांदा कधी कळलं, आणि त्या रात्री तू रडलीस का.

सही मी स्वतः करणार आहे. कुठे करायची ते त्याने बोट ठेवून दाखवलंय. त्याच्या बोटाच्या जरा मागे करतो.

ओलीपासून काठीभर मागे बसलेला,
तुझा बाबा