आजोबांचा उलटा फोटो

डनविच, स्ट्रॅडब्रोक बेट
३ सप्टेंबर १९९४

चि. रोझलिंड हिस अ. उ. आशीर्वाद.

तुमची बोट सुटली, मी घरी आले, तर हॅरल्डचा फोटो पुन्हा भिंतीकडे तोंड करून. तुझ्या टॅम्सिनचाच उद्योग. त्याला जाऊन दोन वर्षं झाली, पण ही पोर दर खेपेला हेच करते. सात वर्षांची घोडी झाली. ऐकू येत नाही म्हणून किती लाड करायचे? ज्या आजोबाच्या खांद्यावर वाढली, त्याच्यावर राग कसला?

जावई म्हणून नाही, पण डॅरिल म्हणतो तेच मला पटतं. टर्म संपली की तिला त्या हातवाऱ्यांच्या शाळेतून काढा आणि बोलायला शिकवणाऱ्या शाळेत घाला. हात चालायला लागले की जीभ कशाला चालेल? इंग्रजी तर लांबच राहिलं. तू हट्टात वडलांवर गेली आहेस, म्हणून आधीच बजावते. केकचा डबा परत आण.

तुझी आई

ब्रिस्बेन
२१ सप्टेंबर

ती. आईस सा. न. वि. वि.

डबा आणीन, पण आधी हे वाच. परवा टॅम्सिनच्या वर्गातला पोपट मेला. मी तिला न्यायला गेले होते. तिच्या बाई, मिस पेटिग्रू, स्वतः बहिऱ्या आहेत. त्यांनी पोपट मुलांपुढे ठेवला आणि मेला म्हणजे काय ते हातांनी सांगितलं. आता उडणार नाही, खाणार नाही, परत येणार नाही. मग तेच फळ्यावर इंग्रजीत लिहिलं, एकेका शब्दावर बोट ठेवत. एकाही मुलाची पापणी लवत नव्हती. मी दारातच खिळले.

टॅम्सिनने हात वर केला. तिने हातांनी काही विचारलं, बाईंनी ते माझ्यासाठी फळ्यावर लिहिलं: आजोबापण?

आई, आपण तिला सांगितलंच नव्हतं गं. सांगणार कसं? शवपेटीत कोण आहे हे कुणी दाखवलं नाही. त्यांना पुरायला सगळे बोटीने बेटावर आलो आणि आजोबांशिवाय परतलो. बाईंनी नंतर तिला विचारून मला लिहून दिलं: तिला वाटलं, ते तिथेच राहायला गेले आणि आपण आलो की मुद्दाम लपून बसतात. दोन वर्षं रुसली होती ती. मी जन्मभर बोलते आहे, मला जमलं नाही ते त्या बाईंच्या हातांनी केलं.

डॅरिलला सगळं सांगितलं. काल त्याने दुसऱ्या शाळेचा अर्ज फाडला आणि पालकांना हातांची भाषा कधी शिकवतात ते बाईंना चिठ्ठी लिहून विचारून आला.

सोबतचं तिने स्वतः इंग्रजीत लिहिलंय. मी सुधारायला गेले तर बाईंनी पेन काढून घेतलं. हातांच्या भाषेत झालेल्या गोष्टीला ‘संपलं’ अशी खूण करतात; तीच तिने कागदावर उतरवली. इंग्रजीची घडी बसेल हळूहळू, म्हणाल्या.

तुझी रोझ

*आजी. आजोबा मेले संपलं. लपले नाही. माझा राग संपलं. टॅम्सिन.*

डनविच
२८ सप्टेंबर

चि. टॅम्सिन हिस आजीचा गोड पापा.

तुझी चिठ्ठी सात वेळा वाचली. सत्तर वर्षं इंग्रजी बोलते, पण इतकं नेमकं मला कधी लिहिता आलं नाही. आजीचं चुकलं, असं आईला सांग. दोनदा सांग, तिला आवडेल.

सुट्टीत आलीस की ‘आजोबा’ हातांनी कसं म्हणायचं ते मला शिकव. म्हणजे तू बोटीवर आणि मी धक्क्यावर असले, तरी बोलता येईल.

फोटो अजून भिंतीकडेच आहे. मी हात लावलेला नाही. तो तूच वळव.

माया इथे भरपूर आहे, थोडी तूही घेऊन ये.

तुझी आजी