पान मी उलटलं

जय भीम

अहेरी, २० ऑक्टोबर १९८६

ती. सौ. सीताबाईस धाकट्या श्रीहरीचा सप्रेम जयभीम वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावली असशील, पण कारण ऐकलंस की राग विसरशील. आपली माय वाचू लागली! शुक्रवारी आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला. तीन महिने विहारात रोज ग्रंथवाचन चालू होतं. समाप्तीचा भाग आपली माय, केसरबाई, वाचेल, असं मी आषाढातच सगळ्या वस्तीला सांगून ठेवलं होतं. माय उठली, चष्मा लावला, ग्रंथ हातात घेतला आणि एकदाही न अडखळता शेवटपर्यंत गेली. बाया डोळे पुसत होत्या. गडचिरोलीहून आलेल्या साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

बाकी व्याप विचारू नकोस. वाचनालयाचा चिटणीस मी, लेझीम बसवणार मी, विहाराच्या भिंतीचं काम माझ्याच डोक्यावर, आणि बायांच्या साक्षरता वर्गात बावीस नावं. त्यात आता व्हॉलीबॉलचे सामने. मुखरूभाऊ म्हणतात की मास्तर, तुमाले दहा हात पायजे होते.

भाऊजींना जयभीम. लोभ आहेच, तो वाढवायचं काम तुझ्याकडे.

तुझा,
श्रीहरी

चंद्रपूर, २९ ऑक्टोबर १९८६

चि. श्रीहरीस सीताबाईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दवाखान्यात ड्युटीवर असताना मिळालं. उभ्यानंच वाचलं आणि तिथंच रडले. बाकीच्या नर्सा विचारू लागल्या की घरी काही वाईट झालं का. मी म्हटलं, माझी माय वाचते. खरं सांगू, मला लाजही वाटली. मायनं मोहफुलं वेचून मला शिकवलं, आणि इतक्या वर्षांत तिच्यापुढे पाटी ठेवायचं मला सुचलं नाही. वयानं मोठी मी, पण मोठेपणा तुझा.

मात्र तुझ्या कामांची यादी वाचूनच दम लागला. आमच्या मेट्रनबाई नव्या पोरींना सांगतात की दहा खाटांवरून एकदम हाका आल्या, तर ज्याचा श्वास अडलाय त्याच्याकडे आधी जा. बाकीचे ओरडतायत म्हणजे जिवंत आहेत. तुझं लग्न त्या यादीत कितव्या नंबरावर आहे, तेही कळव.

सोबत मायसाठी वेगळा कागद आहे, मोठ्या अक्षरात लिहिलेला. तू वाचून दाखवू नकोस. तिनं स्वतः वाचावा आणि एका ओळीचं उत्तर आपल्या हातानं लिहावं. एवढा माझा हट्ट पुरव.

तुम्हा दोघांवर माझी माया किती, ते काय लिहायचं!

तुझी,
सीताबाई

अहेरी, ९ नोव्हेंबर १९८६

ती. सीताबाईस सप्रेम जयभीम.

मी तुला खोटं लिहिलं. मायला वाचता येत नाही.

तुझा कागद घेऊन ती दुपारी शेजारच्या नूरीभाभीकडे गेली होती. मी शाळेतून येत होतो. भाभी वाचत होती आणि माय ओट्यावर बसून ऐकत होती. मला पाहताच मायनं कागद पदराखाली घेतला. चोरी माझी, आणि लपवत होती ती.

खरं तर मला पौर्णिमेलाच कळलं होतं. मी तिच्या शेजारी बसलो होतो. पान संपलं, पुढचा मजकूर मागच्या बाजूला होता, पण मायनं पान उलटलं नाही. ती तशीच बोलत राहिली, अगदी अचूक. तिनं सगळं ऐकून ऐकून पाठ केलं होतं. लोकांना दिसू नये म्हणून मी हात पुढे केला आणि पान मी उलटलं. मग पाठ थोपटून घेतली. मग तुला पत्र लिहिलं.

काल तिला विचारलं. ती म्हणाली की तुले वेळ नवता रे बापू, अन् तू गावभर सांगून बसला होता, तुई फजिती कशी होऊ देऊ. रागाचा एक शब्द नाही. ती रागावली असती तर मान वर करता आली असती. रात्रंदिवस कामं केली म्हणून मी मिरवत होतो, आणि तीन महिन्यांत मायजवळ पाटी घेऊन बसलो ते अकरा दिवस. वर्गाच्या हजेरीत मात्र तिच्या नावापुढे रोजची खूण आहे. ती मीच केली आहे.

लोभ ठेव असं लिहायचं तोंड नाही.

श्रीहरी

अहेरी, १५ फेब्रुवारी १९८७

ती. सीताबाईस जयभीम वि. वि.

तुझं दोन ओळींचं पत्र मिळालं होतं. आता एकच काम कर, एवढंच तू लिहिलंस. तेच करतो आहे. वाचनालय मुखरूभाऊंना दिलं, लेझीम वस्तीतल्या लच्छूनं घेतली, भिंत वस्तीनं पूर्ण केली. माझ्याशिवाय काही अडलं नाही, हे पाहूनही थोडी लाज वाटलीच. बायांच्या वर्गात उभं राहून हजेरी खोटी होती असं सांगितलं. कलाबाई म्हणाल्या की आमाले मालूमच होतं मास्तर.

आता सकाळी शाळेआधी मी आणि माय, एक तास. एकही दिवस चुकवला नाही. जोडाक्षरांवर तिचा फार राग. म्हणते की एका पाटावर दोन जावा बसवल्या. पहिला शब्द मी तिचं नाव देणार होतो. तिनं तुझं मागितलं.

भाऊजींना नमस्कार. माया अजून शिल्लक असेल तर राहू दे.

श्रीहरी

अहेरी, २२ मार्च १९८७

माझ्या सीतेले मायचा लय लय आशीर्वाद.

हे पत्र मीच लिवून राह्यली. चार दिवस लागले. श्रीहरीले हात लावू देल्ला नाई.

तुझे जुने पत्र डब्यातून काढले. रोज एक वाचतो. मले भरभर येत नाई, बोट ठेवून एकेक अक्षर वाचतो, म्हणून काई सुटत नाई. मागच्या हप्त्यात दोन सालाआधीचं निळं पत्र वाचलं. आतलं सारं वाचलं. मंग बाजूच्या घडीवर आडवं लिवलेलं दिसलं. तिथं तू लिवलं होतं का पाचव्या महिन्यात मूल गेलं, मायले आठ दिवस पाठव, मले दुसरं कोणी नको.

ती घडी श्रीहरीनं वाचलीच नवती. त्या दिवशी वाचनालयाचं उद्घाटन होतं. त्यानं उभ्या उभ्या वाचलं, बाईचं बरं आहे म्हणे, अन् गेला. मी समजली पोर पोटुशीच आहे, आंबट खावंसं वाटत असन. म्हणून मी लोणचं धाडलं. मूल गेल्याचं मले मागून कळलं. तू बोलावलं होतं ते आता कळलं.

तू वाट पाह्यली असशीन. अन् आलं काय, तर लोणचं. तू कधी रुसली नाई, बोलली नाई. मले लय लाज वाटून राह्यली, सीते.

श्रीहरीले घडी दाखवली. त्यानं ती दोनदा वाचली. जेवला नाई. त्याले तू काई बोलू नको.

मी पुढच्या सोमवारी येतो. आता येऊन काय कामाचं, म्हणशीन. तरी येतो, आठ दिवस राह्यतो. श्रीहरी सोडून देतो म्हणे, मी नाई म्हटलं. मोटारीवरची पाटी मी वाचतो.

तुझी माय,
केसर