अठ्ठावीस तक्रारींतली एक

आदरणीय मेहुणे, म्हणजे आमच्या सौ.चे वडीलबंधू, म्हणजेच आठवीपासूनचा आमचा डाव्या, यास सप्रेम नमस्कार.

व्हिडिओ गेमचं एक उभं कपाट, दोन दांडे, बारा बटणं, बटणांखालच्या बारा स्प्रिंगा, पडदा तोलून धरणारी लोखंडी चौकट, नाणं आत जायची फट आणि नाणं परत बाहेर यायची फट, एवढ्या वस्तू मी स्वतःच्या हातानं केल्या. दांडे मोडीत निघालेल्या शिवणयंत्रांच्या सुईदांड्यांचे, दांड्यांवरचे गोळे ड्रॉवरच्या मुठींचे, स्प्रिंगा दोऱ्याचा ताण धरणाऱ्या. आतली खेळाची पाटी (सर्किट बोर्ड म्हणतात ती) तेवढी मूळची. आपण जिथे शाळेचे तास बुडवायचो ते गेमचं दुकान बंद पडलं तेव्हा भंगारातून उचललेली. पण तिच्यावरचे सत्तावीस निखळलेले सांधे मी डाग देऊन जोडले, आणि हे मला कुणीही शिकवलेलं नाही (सुरुवातीच्या दिवसांत एका इलेक्ट्रिशियननं 'काका, बोटं सांभाळा' एवढं सांगितलं होतं, ते शिकवण्यात धरू नये). हे सगळं तुला ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहिलं. कारण पुढे मी जे मत देणार आहे ते कोणत्या अधिकारानं, असा प्रश्न तुझ्यासारखा माणूस विचारू शकतो.

तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे सर्व ठीक. तुझी बहीण मजेत असून माझ्यावर बेताचीच चिडलेली आहे. शिवणयंत्रं मोडायची थांबत नाहीत, त्यामुळे दुकानही चालू आहे. काळजीची गोष्ट एकच, ती म्हणजे आपलं कपाट. ते मागच्या खोलीत खिडकीपाशी आहे, आणि येत्या शुक्रवारपर्यंत ते राहणार की जाणार याचा निकाल लागायचा आहे. पण ते ओघात येईलच. आधी मूळ मुद्दा.

मूळ मुद्दा असा की आपला तो खेळ (उजवीकडे पळत सुटायचं, समोर येईल त्याला गोळ्या घालायच्या, खड्डा आला की उडी मारायची, यापलीकडे ज्यात काही नव्हतं आणि ज्याला आणखी काही लागतही नव्हतं) एका कंपनीनं नव्यानं करून बाजारात आणला आहे. त्याला रीमेक म्हणतात. लेकीनं माझ्या वाढदिवसाला तो टीव्हीला जोडून दिला आणि म्हणाली, "बाबा, आता ते खोकं विसरा." अकरा दिवस, दुकान बंद केल्यावर रोज दोन तास, मी तो खेळलो, आणि वहीत नोंदी केल्या.

कुणावर अन्याय नको म्हणून आधी गुण सांगतो. जंगल सुरेख केलं आहे. पानं हलतात, आणि सगळी एकदम न हलता वेगवेगळी हलतात. धबधब्यामागून जाताना नायक भिजतो आणि बाहेर आल्यावर हळूहळू वाळतो. नायकाच्या पाठीवरच्या पिशवीचे पट्टे दुहेरी टिपेचे आहेत. हे ज्यानं काढलं त्यानं आयुष्यात एकदा तरी पिशवी उसवून पाहिलेली असणार. त्याला माझा नमस्कार. शिवाय दोन माणसं दोन गावांत बसून एकत्र खेळू शकतात, हीसुद्धा सोय आहे (सोय आहे एवढंच म्हणतो). असे गुण मोजून नऊ.

आता दोष. उडी कमी झाली आहे. जुन्या खेळात नायक स्वतःच्या उंचीच्या तिप्पट उडायचा, नव्यात पावणेतीनपट उडतो. तुला वाटेल याला कसं कळलं. मी मोजलं. शिंप्याची टेप टीव्हीच्या काचेवर उभी चिकटवली आणि नायकाला बत्तीस वेळा उडवला. उडी चोख मोजली गेली. मात्र टेप काढताना काचेवरचा मुलामाही एक बोटभर निघून आला. तेव्हापासून तुझ्या बहिणीच्या मालिकेतल्या सासूच्या चेहऱ्यावरून एक पांढरी पट्टी उभी जाते. मी म्हणालो, ती बाई तशीही दुटप्पी आहे. यावर दोन दिवस मला माझं ताट मीच वाढून घ्यावं लागलं.

दुसरं, शत्रूच्या गोळ्या आणि नुसत्या ठिणग्या एकाच रंगाच्या. कशाला घाबरायचं तेच समजत नाही. तिसरं, कुठे काही फुटलं की पडदा हादरतो. अरे, बाँब फुटला तर नायक हादरू दे, मी कशाला हादरू? चौथं, दर दोन मिनिटांनी खेळ थांबवून एक कॅप्टन येतो आणि 'उडी मारण्यासाठी हे बटण दाबा' असं सांगतो. शेवटच्या टप्प्यातसुद्धा सांगतो! तिथवर मी काय बसून आलो? पाचवं, नायकाच्या विजारीची शिवण पुढच्या बाजूला आली आहे. (पिशवी करणारा आणि विजार करणारा माणूस वेगळा असावा.) सहावं, कोलांटी. नव्या खेळात कोलांटी मारली की गोळ्या अंगातून आरपार जातात आणि नायकाला काही होत नाही. याला मी खेळ म्हणत नाही. (मी ती वापरतो, पण निषेध म्हणून.) असे करत करत दोष अठ्ठावीस झाले.

एवढं सगळं वहीत ठेवून उपयोग काय, म्हणून कंपनीला कळवायचं ठरवलं. त्यांच्या सूचनांच्या रकान्यात एका वेळी दोनशेच अक्षरं मावतात. मी माझी यादी एकसष्ट तुकड्यांत पाठवली. प्रत्येक तुकड्याला लगेच उत्तर आलं, 'तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.' एकसष्ट वेळा. तिसाव्या वेळेपर्यंत मला बरं वाटत होतं. पण बासष्टावं उत्तर एका खऱ्या माणसाचं निघालं. उड्या किती, गोळ्या किती, लाइफ किती हे ठरवणारी त्या कंपनीतली बाई. तिनं विचारलं, 'तुमच्याकडे जुनं मशीन खरंच चालू आहे का?' आणि गेल्या शनिवारी दुपारी, गाडी करून, ती आमच्या दारात हजर.

वयानं आपल्या लेकीहून चार-पाच वर्षांनी मोठी. चपला दाराबाहेर काढून, चहाला नको न म्हणता, ती सरळ कपाटापाशी गेली आणि मागचं दार उघडून आत वाकली. मला बाई तिथेच आवडली. लोक आधी पडद्याकडे बघतात. म्हणाली, "काका, वायरी तुम्ही बांधल्या? मेण लावलेल्या दोऱ्यानं?" म्हटलं, "अर्थात." मग खेळायला उभे राहिलो. मी उजव्या दांड्याला, ती तुझ्या डाव्या. खेळायला चांगली आहे, पण दुसऱ्या टप्प्यातल्या पुलावर पुढे पुढे करते, अगदी तुझ्यासारखी. तिच्या तिन्ही लाइफ तिथेच संपल्या. आणि हात मोकळे राहवेनात म्हणून तिनं उडीचं आणि गोळीचं अशी दोन्ही बटणं एकदम दाबली मात्र, टुणकन तिचा नायक वरून खाली आला आणि माझ्याकडची एक लाइफ कमी झाली!

ती दचकली. "हा बिघाड आहे का?"

म्हटलं, "बिघाड नाही, नियम आहे. सोबत्याच्या लाइफ संपल्या की तो तुमच्यातली एक घेऊ शकतो. विचारावं लागत नाही."

"हो, कागदावर होता हा नियम," ती म्हणाली, "पण आम्ही काढून टाकला. चाचणीला दोन सख्खे भाऊ बसवले होते. ते इतके भांडले, इतके भांडले, की एक जण दुपारचं जेवण सोडून निघून गेला."

"मग तर नियम नीट चालत होता," मी म्हणालो.

तिला पटेना. म्हणून तिला मी आपली ती गोष्ट सांगितली. (तू तुझ्या बाजूनं सांगतोस तशी नाही, घडली तशी.) नववीतली शेवटची परीक्षा संपलेली, शेवटचा टप्पा, माझ्याकडे एक लाइफ शिल्लक, तुझ्याकडे शून्य. माझा नायक अजून उभा होता. तू माझी ती शेवटची लाइफ उचललीस आणि चार सेकंदांत घालवलीस. मग घाबरून माझाही नायक गेला. त्यानंतर आपण अठरा दिवस एकमेकांशी बोललो नाही. पण माझी भूमितीची वही तुझ्याकडे, तुझी सायकल माझ्याकडे. व्यवहार तर थांबत नव्हते. मग निरोप कोण आणायचं? तुझी धाकटी बहीण. 'दादा म्हणतो, सायकलची हवा तू काढलीस.' 'त्याला सांग, हवा आपली आपण गेली.' असे अठरा दिवस. एकोणिसाव्या दिवशी आपण बोलायला लागलो, आणि निरोप बंद झाले, तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की मी तुझ्याशी कशासाठी एवढा वेळ भांडत राहिलो होतो.

एवढ्यात आतून तुझी बहीण म्हणाली, "हवा त्यांनीच काढली होती. मी पाहिलं होतं." (लग्नाला तीस वर्षं झाली, माणसाला काही खासगी म्हणून उरलं नाही.)

बाई खूप हसली. मग वही उघडून म्हणाली, "काका, यादी मी पूर्ण वाचली. पुढच्या महिन्यात खेळात एक सुधारणा येतेय. अठ्ठावीस नाही होणार. एक सांगा, ती मी करून घेते."

एक! डाव्या, मला सांग, तुला अठ्ठावीस मुलं असती आणि एकाचीच फी भरायची असती तर? "एकच?" म्हणून तुझी बहीण बाहेरच आली, "अहो, त्यांना आजारी पाडाल." मी खोलीत फेऱ्या मारल्या. उडीवर माझा जीव होता. बत्तीस वेळा मोजलेली उडी. विजारीच्या शिवणीवर तर माझा धंद्याचा हक्क होता. चहा दोनदा झाला. वाट बघता बघता बाईनं आमच्या सोफ्याचा डुगडुगणारा पाय खाली कागदाची घडी घालून नीट केला. शेवटी मी सांगितलं, "लाइफ घेता आली पाहिजे. न विचारता. बाकी सत्तावीस तुमच्याजवळ ठेवा." आणि खरं सांगतो, सांगून टाकल्यावर इतकं हलकं वाटलं की उडी पावणेतीनपट असली तरी चालेल, असंही एकदा मनात येऊन गेलं. (लगेच गेलं.)

काल तिचं पत्र आलं. नियम पुन्हा खेळात घेतला आहे. रविवारी एक तारीख, तेव्हापासून चालू.

जाताना ती कपाटाकडे बघून म्हणाली होती, "हे आमच्या कंपनीच्या दारात ठेवायला विकत द्याल का? काचेआड. खाली तुमचं नाव लिहू." आणि एक आकडा बोलली. आत मिक्सर चालू होता, त्यामुळे आकडा तुझ्या बहिणीला ऐकू गेला नाही. 'विकत द्याल का' एवढं मात्र बरोबर ऐकू गेलं. मी शुक्रवारपर्यंत कळवतो म्हणालो. तेव्हापासून इकडे खिडकीपाशी तुझ्या बहिणीचं मोजमाप चालू आहे. उजेड चांगला, आरामखुर्ची बरोबर बसते, लेकीलाही पसंत आहे. मी ऐकून घेतो. तिचं म्हणणं चुकीचं आहे असं मला म्हणता येत नाही. ती खुर्ची तिथे खरोखरच छान दिसेल.

बाकी क्षेम. गुडघ्याला जपावं, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
उजव्या

ता. क. १ : रीमेकबद्दल माझं मत वर सविस्तर दिलंच आहे. तरी सोबत एक प्रत तुझ्या नावानं घेऊन पाठवत आहे. रविवारी चार वाजता चालू करून बस. पुलावर पुढे पुढे करू नको. आणि तुझ्या लाइफ संपल्या तर ती दोन बटणं माहीत आहेतच. मी काही बोलणार नाही.

ता. क. २ : पत्र खरं म्हणजे यासाठी लिहिलं. शुक्रवारची वाट न बघता मी परवाच बाईंना नाही म्हणून कळवलं. काचेआडच्या दांड्याला हात कोण लावणार? हे घरात अजून कुणाला माहीत नाही. पत्र मिळाल्या मिळाल्या तू बहिणीला फोन करून, मोठा भाऊ म्हणून, 'ते कपाट विकलेलं मला चालणार नाही' असं जरा जोरात सांग. तुझं ती ऐकते. तिनं 'किती देत होते' असं विचारलं तर तुला माहीत नाही.

ता. क. ३ : सहा लाख चाळीस हजार.