गोल पानांचं झाड

३ फेब्रुवारी, सोमवार

आज एक बाई आल्या. गाडी चालूच ठेवून उतरल्या. "असं झाड द्या, ज्याला ऊन लागत नाही, रोज पाणी लागत नाही, पानं गळत नाहीत आणि किडे होत नाहीत."

म्हटलं, "मागे एक दगड पडलाय. धुऊन देते, घेऊन जा."

बाई फणकाऱ्याने गेल्या. लेक आतून धावत आली — "आई, गिऱ्हाइकाशी कुणी असं बोलतं का?"

मी बोलते! सत्तावीस वर्षं ही नर्सरी चालवतेय. रोपांनी मला कधी त्रास दिला नाही, माणसांनी मात्र वात आणलाय.

५ फेब्रुवारी, बुधवार

समोरच्या बागेत सकाळी आठ-दहा जण झाडांना मिठ्या मारून उभे. डोळे मिटलेले. मधोमध एक शिकवणारी — "झाडाशी बोला, मन मोकळं करा." एकजण मिठी न सोडता दुसऱ्या हाताने स्वतःचा फोटो काढत होता. तेवढ्यात वरून कावळ्याने आपलं मन मोकळं केलं आणि सगळे किंचाळत पळाले!

ह्याच मंडळींनी त्याच झाडाच्या बुंध्याला शिबिराची पाटी ठोकलीय. ती गेल्यावर मी पक्कड घेऊन गेले आणि खिळे उपटून आणले. सात निघाले.

९ फेब्रुवारी, रविवार

लेकीने खोकं आणलंय. नमुने म्हणे — प्लास्टिकची रोपं! "आई, हात तर लावून बघ. कळतसुद्धा नाही. लोकांना आता हेच हवंय."

लोकांना काय, प्लास्टिकची आईसुद्धा चालेल. जेवायला वाढत नाही, पण बोलतही नाही.

मी हात लावला नाही. बजावून सांगितलं, ह्या फाटकातून प्लास्टिकचं एक पान विकलं गेलं तर मी त्याच फाटकातून बाहेर पडेन. तिने खोकं फळीवर टाकलं. फेकलं नाही, हे मी पाहिलंय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

घड्याळवाले काका पुन्हा! महिन्याभरात तिसऱ्यांदा. उभं आयुष्य चौकात घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, आता दुकान बंद. दर वेळी तेच — कापडी पिशवी, पिशवीत कुंडी, कुंडीत सडलेलं जेड. गोल जाड पानांचं ते, ज्याला महिनाभर विसरलं तरी चालतं. ते मारायला खरोखर मेहनत लागते!

आज काकूही बरोबर होत्या. काकांनी पिशवी माझ्या हातात देत हळूच म्हटलं, "आतच ठेवा, बाहेर नका काढू." मी ऐकते थोडीच! सगळ्यांसमोर कुंडी बाहेर काढली. देठ बोटाने दाबला तर लगदा झालेला.

"पाणी कोण घालतं?"

"मी घालते," काकू म्हणाल्या. अगदी कौतुकाने.

डोक्यात तिडीक गेली. "मग तुम्हीच मारलंत ह्याला! हे तिसरं. आठवड्यातून एकदा पाणी, एवढं साधं लक्षात राहत नाही?"

पाच-सहा गिऱ्हाइकं उभी होती. दोघं हसली. काकू स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. काका एवढंच म्हणाले, "दुसरं द्या." दिलं.

माणसांची माया म्हणजे हीच. समोरच्याला हवंय की नको, बघायचं नाही. नुसतं ओतायचं!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

एक तरुण अर्धा तास बाकावर डोळे मिटून बसला होता. कानात बोंडं. विचारलं, काय ऐकतोस? म्हणाला, "जंगलातल्या पक्ष्यांचे आवाज." डोक्यावरच्या फांदीवर दोन बुलबुल कडाकडा भांडत होते. त्यांचं कोण ऐकणार?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

काका आले. एकटेच. कुंडी पाहिली तर माती ठणठणीत कोरडी, पानं सुरकुतलेली. इतकं कोरडं करायला एक आठवडा कडक उन्हात ठेवलं असणार. मी सुरूच झाले — "आता हे दुसरं टोक! एक थेंबही नाही?"

काका म्हणाले, "ती घालत नाही आता."

मग बाकावर बसले आणि सांगत गेले. काकूंना दोन वर्षांपासून काही आठवत नाही. अलीकडे तर सकाळी पाणी घालायच्या, पाच मिनिटांनी पुन्हा झारी भरायच्या. दिवसाकाठी दहा झाऱ्या. "मला काय कळत नव्हतं, ताई? रोप जाणार हे ठाऊकच होतं. म्हणून तर गुपचूप बदलून न्यायचो. तिला वाटतं, आम्ही पहिल्या घरात लावलं होतं तेच हे. एवढं एकच काम तिचं म्हणून उरलंय. त्या दिवशी शेजारीण घरी नव्हती, एकटी कशी ठेवू, म्हणून बरोबर आणलं."

म्हणून पिशवीतून बाहेर काढू नका म्हणत होते.

"तुम्ही बोललात ते तिच्या लक्षात नाही. इथे आलो होतो, तेही नाही. पण झारीला हात लावत नाही. हात पुढे करते आणि मागे घेते. मला विचारते, 'मी काही वाईट केलं का हो?' दिवसातून दहा वेळा विचारते. आधी दहा झाऱ्या होत्या, आता हे."

काकांच्या आवाजात राग नव्हता. चांगले चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं! एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

१९ फेब्रुवारी, बुधवार

लक्षात राहत नाही म्हणून त्यांना बोलले. आणि माझं बोलणं तेवढं राहिलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

त्यांच्या घरी गेले. पाण्यातच वाढणारं एक रोप नेलं, दिवसभर ओतलं तरी ते खूषच. आपल्या हुशारीवर मी वाटेत खूष होते.

एकच खोली, लहानसं स्वयंपाकघर, खिडकीत कुंडीखालची रिकामी तबकडी. भिंतीवर अकरा घड्याळं, सगळ्यांत एकच वेळ. काकूंनी हसून विचारलं, "या, या. आपण कोण?"

"नर्सरीवाली."

"अगंबाई! बरं झालं आलात." रोप हातात घेतलं, फिरवून फिरवून पाहिलं. "छान आहे हो. पण हे आमचं नाही. आमचं गोल पानांचं."

मी झारी भरून पुढे केली. काकूंनी दोन्ही हात मांडीखाली घेतले.

"घाला काकू, कितीही घाला."

"रागावणार नाहीत ना?"

"कोण?" काकांनी विचारलं.

"ते नाही माहीत," काकू म्हणाल्या.

मी रोप उचललं आणि परत आले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दिवसभर एकाही गिऱ्हाइकाला टाकून बोलले नाही. लेकीने कपाळाला हात लावून ताप पाहिला.

२३ फेब्रुवारी, रविवार

वाळू वापरून पाहिली. खडी वापरून पाहिली. कुंडीला खाली आठ भोकं पाडली. गोल पानांचं झाड आणि रोज दहा झाऱ्या पाणी — नाही जमत. सगळ्यांना अक्कल शिकवणारी मी, मला एका झाडाचं जमेना!

फळीवरच्या खोक्याकडे आज तीनदा नजर गेली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

खोकं खाली काढलं. निर्लज्जपणे, लेकीच्या देखत. गोल पानांचं होतं त्यात. हात लावला. खरंच कळत नाही, मेलं!

"एक शब्द बोललीस तर बघ," म्हटलं.

"मी कुठे काय बोलतेय?" ती म्हणाली आणि पाठ फिरवून हसली. आईवर गेलीय.

भोकांची कुंडी घेतली. खाली खडी, वर आपली चांगली चाळलेली माती. सवयीने मूठभर कंपोस्टही घातलं! प्लास्टिकला खत घालणारी मी पहिलीच असेन. देठ मातीत घट्ट दाबून बसवला आणि घेऊन गेले.

काकूंचा चेहरा उजळला. "हे आमचं!"

"ह्याला पाणी फार लागतं, काकू. कितीही घाला, कुणी रागावणार नाही. मी सांगतेय ना!"

झारी त्यांच्या हातात दिली आणि हातावर माझा हात धरून ठेवला. पहिलं पाणी आम्ही दोघींनी मिळून घातलं. दुसऱ्या झारीला मी हात काढून घेतला. पाणी भराभर खाली उतरून तबकडीत आलं. "केवढं तहानलं होतं बिचारं!" काकू म्हणाल्या. माझा चहा संपेपर्यंत त्यांनी आणखी दोनदा घातलं. प्रत्येक वेळी पहिल्यांदाच. काका दर वेळी तबकडी ओतून येत होते.

ह्या सबंध शहरात एक माणूस मनापासून झाडाला पाणी घालतंय, आणि ते झाड खोटं. माझ्याच हातचं. आता दगड मागणाऱ्या बाईंना मी कुठल्या तोंडाने बोलू!

(बोलेन म्हणा. खोड जात नाही.)

१६ मार्च, रविवार

काका आले. "ती म्हणते, झाडाला नवी पानं आलीत."

"म्हणू द्या की," मी म्हटलं.

"अहो ताई, खरंच आलीत!"

हातातलं काम टाकून गेले. प्लास्टिकच्या देठाला लागून, मातीतून, दोन इवलीशी हिरवी पानं वर आलेली. तण! माझ्याच मातीतून आलेलं. असलं मी रोज टोपलीभर उपटून फेकते.

काका माझ्या कानाशी लागले. "उपटायचं का?"

"हात लावाल तर खबरदार!" म्हटलं, आणि झारी भरून काकूंच्या हातात दिली.