खारकोव्हची जागा

६ जुलै १९९१

दिल्लीचं पत्र आलं. निवड झाली! शहर खारकोव्ह. एक वर्ष भाषेची तयारी, मग रशियनमध्ये एम. ए. सप्टेंबरात निघायचं. पोस्टमन थेट गुलाबाच्या वाफ्यापर्यंत आला. आप्पांचे हात चिखलाचे, म्हणून लिफाफा मनगटांत धरून उभे.

आई : "तिकडं थंडी लय म्हणतात. दोन गोधड्या ने."

घरात बी. ए. झालेली मी पहिली, आणि आता हे. आप्पांनी मात्र तिथल्या तिथे सांगून टाकलं, "गालीताईंचं गाव हाय म्हणून सोडतो. दुसऱ्या कोणत्या गावाला सोडणार नाय."

गालीनाबाई (आप्पांच्या गालीताई, इथे गा. बाई लिहीन) ओझरला विमानाच्या कारखान्यात दुभाषी, नवरा तिथेच इंजिनीयर. तीन वर्षांपूर्वी फुलबाजारात आप्पांकडे गुलाब घ्यायला आल्या, तेव्हाची ओळख. त्या मला रशियन शिकवतात, मी त्यांना मराठी. नोव्हेंबरात त्यांचा करार संपतोय. म्हणजे मी आधी पोचेन, त्या मागून येतील.

२० ऑगस्ट

मॉस्कोच्या रस्त्यावर रणगाडे. काल संध्याकाळच्या बातम्यांत ऐकलं, विश्वास बसेना. सकाळच्या एसटीने ओझर गाठलं. गा. बाई फोनपाशी बसलेल्या. त्यांची आई खारकोव्हला एकटी, फोन लागत नाही. चहा करायला उठल्या आणि गॅस पेटवायचंच विसरल्या. मी पेटवला.

त्यांनी परवा दिलेली क्रियापदं मी म्हणून दाखवली. हसल्या तरी.

२३ ऑगस्ट

बंड फसलं. गा. बाईंचा फोन लागला, त्यांची आई ठीक आहे. माझी पेटी भरून तयार. आईने गोधड्यांच्या घडीत मेतकूट कोंबलंय.

४ सप्टेंबर

दिल्लीची तार. प्रवास पुढील सूचनेपर्यंत स्थगित. पुढील म्हणजे कधी?

पेटी उघडली नाही. कॉटखाली सरकवली.

१५ ऑक्टोबर

दसरा तोंडावर. सगळे झेंडूच्या तोडणीत. नानाकाकाही सुट्टी काढून मदतीला आले. ते ओझरच्या कारखान्यात फिटर, गा. बाईंना ओळखतात. टोपली भरता भरता टोमणे चालूच.

"काय रशियनबाई, दुकान बंद होतंय तुमचं! आता अमेरिकेची चलती. इंग्रजी शीक, इंग्रजी."

मी म्हटलं, दोन बलाढ्य देश एकमेकांवर अणुबॉम्ब रोखून बसले होते, ते आता हात मिळवताहेत. चांगलंच झालं की. लहान देशांना मोकळा श्वास घेता येईल.

काका हसले. आप्पा हसले नाहीत. झेंडू निवडत म्हणाले, "बाजारात समोरासमोर दोन आडते असले ना पोरी, तर एकाने भाव पाडला की आपण टोपली उचलून दुसऱ्याकडं निघाल्यासारखं करतो. जायचं नसलं तरी. मग तो मागून हाक मारतो. एकच आडत्या राहिला की टोपली उचलून जाणार कुठं?"

तीन वर्षं राज्यशास्त्र घेतलं. हे एकाही पुस्तकात नव्हतं.

पण शांतता हवीच ना? मला ती मनापासून हवी आहे. आणि तीच येताना माझी जागा...

१७ नोव्हेंबर

गा. बाई गेल्या.

आम्ही सगळे नाशिकरोड स्टेशनवर. आप्पांनी पहाटे स्वतः फुलं काढली. लाल, लांब दांड्यांची, एकाही पाकळीला डाग नाही, मोजून डझन. गा. बाईंनी फुलं हातात घेतली, ओठ हलवत मोजली, एक हळूच उपसून माझ्या हातात दिलं.

परतीच्या बसमधून सीबीएस स्टँडला उतरल्यावर आप्पा : "एक परत का केलं? खराब होतं का?"

खरं ते सांगितलं. त्यांच्याकडे सम आकड्याची फुलं मयताला देतात. जित्या माणसाला पाच, सात, अकरा.

आप्पा बाकावर बसले. "तीन वर्षं दर शनिवारी डझन बांधून दिले की गं मी."

"घरी जाऊन त्या एक वेगळं ठेवत असतील."

"आणि बोलल्या नाहीत कधी."

मला रडू आलं ते याचंच. उद्या शनिवार नाही, तरी वाटतंय फुलबाजारात त्या दिसतील. हातातली जाळीची पिशवी, आणि माझ्या नावाला रशियन लाडाचं शेपूट लावून "सुनंदोच्का, आज काय नवीन शब्द?"

२६ डिसेंबर

सकाळच्या बातम्या. सोव्हिएत संघाच्या अध्यक्षांनी काल राजीनामा दिला. क्रेमलिनवरचा लाल झेंडा उतरवला. मी रेडिओ बंद केला. ज्या देशाने मला बोलावलं तो देश रात्रीतून नाही.

नानाकाका घरी आले, पण टोमणा नाही. "कारखान्यातून एका पत्त्यावर पत्रं जात होती, आता पंधरा पत्ते झाले," एवढंच म्हणाले. आईला म्हणाले, पोरीला चहा दे.

९ जानेवारी १९९२

गा. बाईंचं पत्र नाही. रोज साडेअकराला बांधावर जाऊन उभी राहते. पोस्टमन लांबूनच मान हलवतो.

न पाहिलेल्या गावाची आठवण येऊ शकते का? मला येते. गा. बाईंनी सांगितलेला उतरता रस्ता, कोपऱ्यावरचं पावाचं दुकान, बर्फावर राख टाकणारी म्हातारी. नकळत त्या रस्त्याने चालायला लागते, आणि आई हाक मारते.

३ फेब्रुवारी

एकाच दिवशी दोन पत्रं!

दिल्ली : खारकोव्ह आता वेगळ्या देशात. त्यांच्याशी अजून करार नाही, जागेची हमी नाही. इच्छा असल्यास मॉस्कोची जागा मिळेल, सप्टेंबरपासून. पालकांच्या सहीचा फॉर्म १५ तारखेच्या आत पोचला पाहिजे.

गा. बाई : "इथे विचारलं तर कोणाला काही माहीत नाही. परदेशी मुलांचे कागद मॉस्कोत, आणि मॉस्को आता परदेश. माझी आई इथे, नवऱ्याची आई मिन्स्कला, मुलगी लेनिनग्राडला शिकते, त्याचंही नाव बदललं. आम्ही कुठे गेलो नाही आणि तीन देशांत वाटलो गेलो. सुनंदोच्का, ये म्हणायची माझी हिंमत नाही. स्वयंपाकघरात तुझ्यासाठी स्टूल ठेवलंय तरी."

स्टूल. हा एकच शब्द किती वेळा वाचला.

८ फेब्रुवारी

मॉस्कोला जायचं. ठरवलं. मॉस्कोहून खारकोव्ह रेल्वेने एका रात्रीचं. भाषा तीच. शिकून परत येईन, इथल्या मुलींना शिकवीन. जगातल्या माणसांनी एकमेकांशी दुभाष्याविना बोलावं, एवढंच तर मला हवं आहे.

पण आप्पांची अट. रशिया फुटला हे त्यांना माहीत आहे. गा. बाई फुटीच्या पलीकडे राहिल्या हे नाही. त्यांच्या लेखी त्या रशियनच.

सांगितलं तर सही नाही. सही नाही तर जागा नाही. पाच दिवस शब्द जुळवतेय.

११ फेब्रुवारी

उद्या सकाळी फॉर्म टाकलाच पाहिजे, नाहीतर दिल्लीला वेळेत पोचत नाही. दिवेलागणीला फॉर्म आप्पांपुढे ठेवला. शहर : मॉस्को.

"खारकोव्ह होतं ना?"

"ती जागा आता नाही. मॉस्कोला आहे."

"आणि गालीताई?"

"रेल्वेने एक रात्र."

आप्पांनी चष्मा लावला. "नकाशा दाखव बरं."

माझा शाळेतला ॲटलास माळ्यावरून काढला. मधलं पान उघडलं. मॉस्कोवर बोट ठेवलं, मग खाली खारकोव्हवर. दोन्ही एकाच गुलाबी रंगात. मध्ये सीमेची रेघ नाही, नुसती नदी. आप्पांनी दोन बोटांमधलं अंतर अंगठ्याच्या पेराने मोजलं, स्वतःशीच मान हलवली.

"एकाच देशात हाय म्हणायचं. मग काय भ्यायचं! हाकेला माणूस हाय."

आणि सही केली. सावकाश, पूर्ण नाव. आईने देवापुढे गूळ ठेवला.

मी ॲटलास मिटला. इतक्या दिवसांनी त्यांचा चेहरा असा निवांत दिसला...

पाकीट डिंकाने चिकटवलेलं नाही अजून. पोस्ट दहाला उघडतं. आप्पा पहाटे पाचला वाफ्यावर जातात. नकाशा जुना आहे, एवढंच सांगायचं आहे.