कासवाबद्दलचं खोटं

बाबा,

सकाळी फोनवर तुम्ही विचारलंत, "अंजू, कासवासंग पोहली का?" मी हो म्हटलं. ते खोटं होतं. हे पत्र टाकायची हिंमत होणार नाही, तरी लिहिते.

अंदमानला कासवं दाखवायला नेणाऱ्या नाववाल्याने पोहता येतं का विचारलं, तर तुमचे जावईच हसून म्हणाले, "तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाची पोरगी आहे, हिच्या पणज्यानं गावचा तलाव बांधला." पोहता येत नाही हे सांगायची मला लाज वाटली. सगळी जोडपी पाण्यात उतरली. हे कासवाच्या बाजूने पोहत मला हाका मारत होते आणि मी नावेची शिडी घट्ट धरून बसले.

त्या तलावात तुम्ही वीरेंद्रदादाच्या पाठीला सुके भोपळे बांधून त्याला पोहायला शिकवलंत. मी काठावर त्याचे कपडे धरून उभी असायची. हट्ट केला तर म्हणायचात, "पोरीले पोहून का करा लागते?"

संध्याकाळी ह्यांना खरं सांगितलं. त्यांनी उथळ पाण्यात माझ्या पोटाखाली हात धरून मला तरंगवून पाहिलं. बेचाळिसाव्या वर्षी, मधुचंद्राला. तेव्हा मला तुमचा इतका राग आला, की अंग ताठ झालं. हे म्हणत होते, "सैल सोड."

घरी सडक अर्जुनीला परतून आठवडा झाला, बाबा. अजून सुटत नाही.

तुमचीच,
अंजू